तपासणी विनामूल्य, औषध मात्र विकतचे

राष्ट्र संपन्न असले म्हणजे तेथील प्रत्येक रुग्णाला औषध मिळत असणारच, असे आपण सहज गृहीत धरतो. कॅनडाचे उदाहरण या समजुतीचा पुनर्विचार करावयास लावते.

मधुमेहींचे प्राण वाचविणाऱ्या इन्सुलिनचा शोध १९२१ साली याच देशात, टोरांटो येथे लागला. फ्रेडरिक बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे स्वामित्वहक्क प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

शतक उलटल्यानंतरची स्थिती काय? १९८४ च्या आरोग्य कायद्यानुसार डॉक्टरांची तपासणी आणि रुग्णालयातील उपचार यांचा भार सार्वजनिक निधीवर असतो. दाखल असेपर्यंत औषधेही त्यातच येतात. रुग्ण घरी परतला, की तेच औषध दुकानातून घ्यावे लागते. वृद्ध व निर्धन यांच्यासाठी प्रांतांच्या योजना आहेत. अनेक नोकरदारांना मालकाने दिलेला विमा आहे. किरकोळ कामे करणारा किंवा छोटा व्यवसाय सांभाळणारा मात्र पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. मग कोणी गोळ्या दिवसाआड घेतो, तर कोणाची चिठ्ठी खिशातच राहते.

ओंटारिओ प्रांतात पैशांअभावी औषधे टाळणाऱ्या ७८६ रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना वर्षभर अत्यावश्यक औषधे विनामूल्य देण्यात आली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात सुमारे ३८ टक्के, तर इतरांत २७ टक्के होते. पैसा हा एकमेव अडसर नव्हे, हे यातून दिसते. परंतु तो दूर केल्याने फरक पडतो, हेही तितकेच स्पष्ट होते.

२०२४ मध्ये तेथे राष्ट्रीय औषध कायदा संमत झाला. आरंभ मधुमेहाची औषधे व गर्भनिरोधके यांपासून आहे. अंमलबजावणी प्रांतांशी होणाऱ्या करारांवर अवलंबून असल्याने रुग्ण कोठे राहतो, यावरही त्याचा लाभ ठरतो.

आपल्या परंपरेने औषधदानाला चतुर्विध दानांत स्थान दिले आहे. दात्याचे औदार्य वंदनीयच. तथापि रोज लागणारी गोळी कोणाच्या औदार्याची वाट पाहू शकत नाही. निदान झाले आणि औषध मिळाले नाही, तर रुग्णाच्या हाती केवळ आपल्या रोगाचे नाव उरते.