जुन्या नाण्याचें खरें मोल

जुनें रुपेरी नाणें हातीं आलें कीं त्यांत चांदी किती, हाच प्रश्न बहुतेकांच्या मनांत प्रथम येतो. हा प्रश्न अगदींच गैर नाहीं. परंतु नाण्याचें खरें मोल चांदीपेक्षां त्यावरील अक्षरांत असतें, असें माझें मत आहे. रोमन अमलाखालील ग्रीकभाषी प्रांतांचीं नाणीं पाहिलीं असतां ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

इ. स. पूर्वीं ६४ मध्यें पाँपीनें सीरिया देश रोमच्या सत्तेखालीं आणला. जेता आपल्याच नांवाचीं नाणीं पाडील, अशी कोणाचीही कल्पना होईल. परंतु पुढें कांहीं वर्षांनीं अंत्युखिया नगरांत रोमन अधिकाऱ्यांनीं चांदीचीं नाणीं पाडलीं, तीं फिलिप नामक मृत ग्रीक राजाच्या नांवानें व त्याच्याच चेहऱ्याच्या छापानें! बाजारांत लोकांचा विश्वास त्या जुन्या छापावर होता. तो मोडण्यांत हित नाहीं, हें त्या चतुर राज्यकर्त्यांनीं ओळखलें. पुढें ऑगस्टस बादशहाचें नांव तेथील चांदीच्या नाण्यांवर आलें, तेंही ग्रीक अक्षरांतच. देश तलवारीनें जिंकतां येतो; लोकांची भाषा व संवय तशी जिंकतां येत नाहीं, हा धडा त्या नाण्यांवर कोरलेला आहे.

मिसर देशाचें उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. आलेक्सांद्रिया येथील चार द्राख्मांच्या नाण्यांतील चांदी उत्तरोत्तर घटत गेली आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तें नांवापुरतेंच चांदीचें उरलें. सोनाराच्या कसोटीवर तें कवडीमोल ठरेल. तथापि त्यावर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्ष ग्रीक अंकांत दिलेलें असतें. म्हणून कालगणना ठरविणाऱ्या इतिहासकारास तें बहुमोल वाटतें.

आपल्या महाराष्ट्रांतही याचें प्रत्यंतर आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें नहपान क्षत्रपाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांवरही ग्रीक अक्षरें आहेत. आणि त्यांपैकीं बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. गौतमीपुत्राच्या विजयाची ही साक्ष मुशींत वितळली असती, तर केवढी हानि झाली असती!

म्हणून विद्यार्थ्यांनो, शेतांत वा पडक्या भिंतींत जुनें नाणें सांपडल्यास तें घासून चकचकीत करूं नका. पालकांसही विनंती आहे कीं, तें सोनाराकडे न देतां त्याची वर्दी सरकारांत द्यावी. मुशींतून चांदी परत मिळेल. पुसलेलीं अक्षरें मात्र पुन्हां मिळणार नाहींत.