टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा कोण तपासणार?

२१ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे मतदान होऊन एक दिवस झाला होता, निकालाला दोन दिवस बाकी होते. त्या संध्याकाळी कडेगाव तालुक्यातील शाळगावच्या एमआयडीसीत एका खत कारखान्यात विषारी वायू पसरला. तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन महिला होत्या. आणखी काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे निकाल लागले, गुलाल उधळला गेला आणि त्या गुलालात ही बातमी बुडून गेली.

त्या कारखान्यात चूक कुणाची, हे ठरवणे तपास यंत्रणांचे काम आहे. आमचा प्रश्न एका कारखान्यापुरता नाही. कामगार ज्या हवेत श्वास घेतो ती हवा तपासायची कुणी? तपासणाऱ्याची पात्रता काय? आणि "काम थांबवा" म्हणण्याचा अधिकार त्याला आहे का?

कारखान्यांपुरते याचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिले आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३६ पाहा. टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत घातक वायू असण्याची शक्यता असेल, तर 'सक्षम व्यक्ती'ने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय तिथे माणूस उतरवता येत नसे. दाखला नसेल, तर त्या माणसाला श्वसनाचे साधन द्यावे लागे, कमरेला पट्टा बांधावा लागे आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरावे लागे. ही सक्षम व्यक्ती म्हणजे मालकाचा कुणीही मुकादम नव्हे. तिचे शिक्षण, अनुभव आणि साधने पाहून मुख्य कारखाना निरीक्षक तिला मान्यता देत असे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा जीव मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने राखायचा, हीच त्या काळातल्या त्यांच्या कामाची दिशा होती.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर या. अपार्टमेंटची, लॉजची, शाळेची मैल्याची टाकी तुंबली की ठेकेदाराला फोन जातो. ठेकेदार दोन पोरे घेऊन येतो. झाकण उघडले जाते. कुणी वास घेऊन अंदाज बांधतो, कुणी पेटती काडी आत सोडतो आणि पोरगा उतरतो.

मित्रहो, ही 'तपासणी' म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास येत नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. पेटत्या काडीला हा विषारी वायू कळत नाही आणि टाकीत मिथेन साचला असेल तर त्याच काडीने भडका उडतो.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. त्याच वर्षीच्या नियमांत गॅस मॉनिटरचा उल्लेख आहे, हवा तपासण्याची अटही आहे. पण कारखान्यासारखी मान्यताप्राप्त सक्षम व्यक्ती आणि तिचा सहीचा दाखला इथे नाही. त्यामुळे तपासले की नाही, हे माणूस मेल्यावरच विचारले जाते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ जण मेले. सरकारच्याच 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. हा योगायोग आहे काय?

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे घरांच्या तळघरात जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षे तो श्वासातून आत गेला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्राचा कर्मचारी कामावर येतानाच किरणोत्साराचा अलार्म वाजवू लागला. शोध घेतला तेव्हा दोष केंद्राचा नव्हे, त्याच्या घरातल्या रेडॉनचा निघाला. तीन वर्षांत, १९८७ मध्ये, त्या राज्याने कायदा केला आणि लोकांची घरे तपासण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे केले.

जो वायू मारायला वर्षे घेतो, त्याच्या तपासणीसाठी तिथे परवाना लागतो. जो काही क्षणांत मारतो, त्याच्यासाठी इथे काडेपेटी पुरते. फरक विज्ञानाचा नाही. तिथे धोका घरमालकाच्या फुफ्फुसांना होता, इथे तो आमच्या पोरांच्या फुफ्फुसांना आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला, कडेगावसारख्या छोट्या नगरपंचायतीला हे कसे परवडणार? चार वायू मोजणारे यंत्र एका दुचाकीपेक्षा कमी किमतीत मिळते. उलट सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा प्रत्येक मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे. मग महाग काय पडते?

दुसरा आक्षेप, ही जबाबदारी खासगी घरमालकाची आहे, सरकारची नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. जबाबदारी झटकता येत नाही, हे तिथे स्पष्ट झाले.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परवाना दिला तर या कामाला प्रतिष्ठेचे लेबल लागेल आणि तीच जात पुन्हा त्याच टाकीला बांधली जाईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच आम्ही टाकीत उतरण्याचा परवाना मागत नाही. टाकीत माणूस उतरूच नये, यंत्र उतरावे, ही आमची भूमिका कायम आहे. आम्ही परवाना मागतो तो वर उभे राहून हवा मोजणाऱ्याचा, म्हणजे "नाही" म्हणण्याच्या अधिकाराचा. आजवर हा अधिकार आमच्या माणसाकडे कधीच नव्हता.

आमच्या मागण्या अशा :

१. परवानाधारक तपासनिसाच्या लेखी दाखल्याशिवाय कोणतीही मैल्याची टाकी किंवा गटाराचे चेंबर सफाईसाठी उघडू नये.

२. तपासनीस ठेकेदाराच्या पगारावर नसावा. त्याची नेमणूक आणि मानधन नगरपंचायतीने द्यावे.

३. प्रशिक्षण आयटीआयमधून मोफत मिळावे. ते सर्व जातींना खुले असावे. पण आज सफाईत असलेल्यांना आधी संधी मिळावी.

४. दाखला नसताना माणूस उतरवला तर घरमालक, ठेकेदार आणि अधिकारी या तिघांवरही गुन्हा दाखल व्हावा.

५. एमआयडीसीतील लहान कारखान्यांत वायुतपासणीचे दाखले कामगारांना वाचता येतील असे मराठीत दर्शनी लावावेत.

शेवटची मागणी आजच का? शाळगावच्या दुर्घटनेला बरोबर एक वर्ष झाले, त्याच दिवशी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, केंद्राने नव्या कामगार संहिता लागू केल्या. केंद्राच्या जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो 'कारखाना' ठरत असे. नव्या संहितेत ही मर्यादा २० आहे. लहान कारखान्यांवरची नजर सैल करण्याची ही दिशा आहे. वायू मात्र हजेरीपटावरची नावे मोजून पसरत नाही.

नगरपंचायतीच्या पुढच्या सभेत हा विषय पटलावर आला पाहिजे. प्रत्येक वस्तीने, प्रत्येक मंडळाने निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. भरपाईचा धनादेश घेण्यासाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा दाखल्यासाठी भांडणे आम्हाला मंजूर आहे.

जय भीम! जय संविधान!