चंद्राच्या नावाने कंत्राटदारांची चांदी

अमेरिकी संसदेने ‘एसएलएस’ या नासाच्या सरकारी चांद्र-रॉकेटला अखेर जीवदान दिलेच. तिसऱ्या आर्टेमिस चांद्रमोहिमेनंतर ते बंद करा, असे खुद्द ट्रम्प प्रशासनानेच मे २०२५ मध्ये सुचवले होते. तरीही टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांच्या पुढाकाराने जुलै २०२५ च्या कायद्यात चौथ्या-पाचव्या मोहिमेच्या रॉकेटांसाठी ४.१ अब्ज डॉलर घातले गेले. हा पैसा चंद्रासाठी नाही, मतदारसंघांसाठी आहे.

नासाच्याच महानिरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये बजावले होते, की पहिल्या चार मोहिमांत दर उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर लागतील. त्यातले नुसते रॉकेट २.२ अब्जांचे. स्पेस शटलवर पुन्हा पुन्हा वापरलेली इंजिने आता दर उड्डाणाला चार याप्रमाणे समुद्रात जाणार. उलट मार्च २०२५ मध्ये फायरफ्लाय या खासगी कंपनीने, पहिला टप्पा परत येणाऱ्या फाल्कन-९ रॉकेटवरून गेलेले यान चंद्रावर अलगद उतरवले. नासाने त्यासाठी मोजले सुमारे १० कोटी डॉलर. माणसे नेणे आणि उपकरणे उतरवणे यांत फरक आहे, मान्य. पण त्याने समुद्रात जाणाऱ्या इंजिनांचे समर्थन होत नाही.

खरी मेख एसएलएसच्या कंत्राटात आहे. झालेला खर्च दाखवायचा, वर नफा घ्यायचा. उशीर झाला तरी बिल सरकारचेच. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या मोंढ्यात हळद आणणाऱ्या शेतकऱ्याला शिजवणी, पॉलिश, मजुरीचा खर्च मांडून वर नफा मागता येतो का? सौद्यात निघेल तो भाव घेऊन तो घरी जातो. मग रॉकेटवाल्यांनाच ही सवलत कशाला?

आपणही गाफील राहू नये. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी आपण अभिमानाने सांगतो, सांगावेतही. पण इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांच्या २०२० च्या अंदाजात यान २५० कोटींचे आणि प्रक्षेपण ३६५ कोटींचे होते. यानापेक्षा प्रक्षेपण महाग, आणि रॉकेट एकदाच वापरायचे! त्याची ताकदही अपुरी, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह आपल्याला फाल्कन-९ वरून पाठवावा लागला. पहिला टप्पा परत आणणाऱ्या नव्या रॉकेटसाठी केंद्राने ८,२४० कोटी मंजूर केले आहेत, मुदत आठ वर्षांची. तिथे अमेरिकेचा कित्ता गिरवू नका. कामे ठरलेल्या किमतीलाच द्या आणि प्रत्येक उड्डाणाचा खर्च दरवर्षी संसदेपुढे ठेवा.

हाच नियम वसमतशेजारच्या औंढ्यालाही लावा. तिथल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. किती खर्चले, किती काम उभे राहिले, हे ज्यांच्या गावाशेजारी ते चालले आहे त्यांना दरवर्षी मराठीत छापून सांगा.