वजन उचलले कोणी?

गेल्या पंधरवड्यात एक गृहस्थ आमच्या कार्यालयात येऊन गेले. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळातील हे आमचे विद्यार्थी. आज एका बँकेत अधिकारी आहेत. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेत पदक मिळवून आता राज्य स्पर्धेच्या तयारीस लागला आहे. मुलाच्या कपाटात त्यांना टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची एक कुपी सापडली. ती फोडलेली नव्हती. मुलाने काही लपविले नाही. ‘‘अजून घेतलेले नाही; पण याच्यावाचून राज्याच्या पुढे कोणी जात नाही, असे सर म्हणतात,’’ एवढेच त्याने वडिलांना सांगितले. मुलाला आता काय सांगावे, हा गृहस्थांचा आम्हांस प्रश्न होता.

हा प्रश्न एका घरापुरता असता तर तो या स्थळी मांडण्याचे कारण नव्हते. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेल. चाचणी घेणारे अधिकारी मैदानावर आल्याची वार्ता पसरताच पुरुषांच्या शंभर मीटर अंतिम शर्यतीच्या आरंभरेषेवर एकच धावपटू उरला! स्वच्छतागृहांत वापरलेल्या सुया पडलेल्या आढळल्या. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या आकड्यांनुसार २०२२ साली भारताने ३,८६५ नमुने तपासले व त्यांपैकी १२५ सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत दोषींचे प्रमाण त्या वर्षी आपल्याकडे सर्वाधिक होते. ज्या यादीत आपले नाव अग्रभागी असावे अशी कोणाचीच इच्छा नसते, अशा यादीत आपण पहिले आलो.

अशा वेळी वडीलधारी मंडळी जे उत्तर देतात ते आम्हांस ठाऊक आहे. ‘हे सारे विष आहे, त्याने काही होत नाही, खरी ताकद दूध-तुपाने आणि जोर-बैठकांनीच येते.’ हे उत्तर आम्ही त्या गृहस्थांना देऊ शकलो नाही, कारण ते खरे नाही. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने १९७७ साली जाहीर केले होते की, स्टेरॉइडने खेळातील कामगिरी सुधारते याचा निर्णायक पुरावा नाही. व्यायामशाळेतील प्रत्येक तरुणाला तेव्हा आरशात उलट पुरावा दिसत होता. पुढील दशकात संस्थेला आपले मत बदलावे लागले. पण तोवर खेळाडूंचा डॉक्टरांवरील विश्वास उडाला होता. वर्गात एक गोष्ट खोटी सांगितली की विद्यार्थी पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवीत नाही, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

सत्य काय ते १९९६ साली डॉ. शलेंदर भसीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवरील प्रयोगाने दाखवून दिले. दहा आठवडे, दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. ज्यांनी केवळ व्यायाम केला त्यांचे चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो वाढले. ज्यांनी औषध घेतले पण व्यायाम केलाच नाही, त्यांचे तीन किलोंहून अधिक वाढले. दोन्ही करणाऱ्यांचे सहा किलो. म्हणजे स्वस्थ बसून सुई टोचून घेणारा, घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. मुलाला सांगायचे असेल तर प्रथम हे सांगितले पाहिजे. कारण औषधाचा उपयोग होतो म्हणूनच हा नीतीचा प्रश्न होतो. साखरेची गोळी खाऊन कोणी वजन उचलले असते तर त्यावर अग्रलेख कशाला लिहावा लागता?

वजन उचलणाऱ्यांचा या औषधांशी संबंध जुना आहे. १९५४ साली व्हिएन्नातील जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेच्या वेळी सोव्हिएत पथकाकडून टेस्टोस्टेरॉनची वार्ता अमेरिकन पथकाचे डॉक्टर जॉन झिग्लर यांच्या कानी पडली. १९५८ साली सिबा कंपनीची डायनाबोल ही गोळी बाजारात आली आणि झिग्लर यांनी ती आपल्या खेळाडूंना दिली. खेळाडू सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या गिळू लागले, तेव्हा त्याच डॉक्टरांना आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची चाचणी प्रथमच झाली. तीत आठ खेळाडू दोषी ठरले व त्यांपैकी सात वेटलिफ्टर होते.

शरीरावरील परिणामही जसे आहेत तसेच सांगावेत. उगाच भडक करू नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे निर्माण करणे थांबविते; वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, आणि औषध सोडल्यावर मन महिनोन् महिने खिन्न राहू शकते. रक्तातील हितकर कोलेस्टेरॉल खाली जाते, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांच्या रूपात घेतल्यास यकृतावर भार पडतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाडांची वाढ अकाली थांबून उंची खुंटते. मुलींचा आवाज एकदा घोगरा झाला की औषध सोडल्यावरही तो मूळपदावर येत नाही. यांतले काहीही उद्या सकाळी होत नाही, आणि म्हणूनच एकोणिसाव्या वर्षी त्याचे भय वाटत नाही.

पॉवरलिफ्टिंगची गोष्ट इतर खेळांहून थोडी निराळी आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. खांद्यावर बार घेऊन बैठक, बाकावर उताणे पडून रेटा, आणि जमिनीवरून उचल, असे याचे तीन प्रकार. त्यांच्या बेरजेवर निकाल. १९७२ साली स्थापन झालेला या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ उत्तेजकांची चाचणी घेतो. उलट, १९८० च्या दशकापासून अमेरिकेत ज्या अन्य संघटना निघाल्या त्यांतील काही चाचणी घेतच नाहीत, आणि हे त्या लपवीतही नाहीत. तेथे उतरणारा प्रौढ मनुष्य आपल्या देहाशी जुगार खेळतो. आम्हांस तो अविचारी वाटतो. लबाड मात्र म्हणता येणार नाही. कारण शेजारच्या स्पर्धकाला काय चालले आहे ते माहीत असते.

लबाडी सुरू होते ती औषध घेऊन चाचणीच्या मंचावर चढल्याने. तेथे प्रत्येक स्पर्धकाने, मी नियम पाळले आहेत, असे शब्द दिल्यासारखेच असते. त्या शब्दावर विसंबून दुसरा एखादा मुलगा पहाटे उठून सरावास जातो आणि अडीच किलोंनी हरतो. त्या अडीच किलोंवर त्याचे प्रमाणपत्र, कदाचित त्याची नोकरी अवलंबून असते. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा हा केवळ हौशीचा मामला राहिलेला नाही. ‘सारेच घेतात’ हे समर्थन आम्हांस मान्य नाही. सारेच घेत असते तर ते चोरून घ्यावे लागले नसते.

‘एकदाच घेईन, मग सोडीन’ या निर्धारालाही फारसा अर्थ दिसत नाही. ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायूंत वाढलेली केंद्रके औषध थांबवून तीन महिने लोटले तरी टिकून राहतात व व्यायाम सुरू होताच स्नायू पुन्हा झपाट्याने फुगतात. माणसातही असेच घडत असेल, तर आज घेतलेल्या सुईचा लाभ चाचणी निर्दोष निघाल्यानंतरही कित्येक वर्षे मंचावर हजर राहील.

आता त्या ‘सरां’विषयी. नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर, असा नियम आहे. आणि स्टेरॉइडसाठी सामान्यतः चार वर्षांची बंदी येते. औषध पुरविणाऱ्या व टोचणाऱ्या प्रशिक्षकालाही नियमांत शिक्षा आहे, पण मुलगा नाव सांगत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच व्यायामशाळेत जायचे असते. सल्ला प्रशिक्षकाचा, शरीर मुलाचे, आणि बंदीही मुलालाच! जिल्हा संघटनांनी प्रवेशपत्रावर खेळाडूसोबत प्रशिक्षकाचेही नाव व सही घ्यावी, आणि नमुना सदोष निघाल्यास दोघांचीही चौकशी व्हावी, अशी आमची मागणी आहे. यास नवा कायदा लागत नाही. कागदावर एक ओळ वाढवावी लागेल.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचविले की, मुलाला रागावू नका. प्रयोगाचे आकडे आणि परिणामांची यादी दोन्ही त्याच्यापुढे ठेवा. आणि औषधाचे नाव, मात्रा व किती दिवस घ्यायचे हे कागदावर लिहून खाली सही करून द्या, असे सरांना सांगण्यास त्याला पाठवा. परवा ते पुन्हा येऊन गेले. सरांनी लिहून दिले नाही. मुलगा सरावास जात आहे, कुपी वडिलांच्या कपाटात आहे, आणि राज्य स्पर्धेस सात आठवडे आहेत.