कामाच्या गोष्टी : मोठ्या आकड्याला भुलू नका



गेल्या गणपतीत आपल्यापैकी एका घरच्या आजींनी हॉलमध्ये जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, हे आलेल्या सर्वांना आठवत असेल. आजी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. ओव्या त्यांच्या आईच्या तोंडून आलेल्या, कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. मंडळाचा कॅमेरा आम्ही तिवईवर लावला, लाल दिवा लागलेला पाहिला आणि निश्चिंत होऊन सतरंजीवर जाऊन बसलो. आरतीच्या वेळी कॅमेरा उचलला, तेव्हा पडद्यावर सूचना दिसली : कार्डाचा वेग अपुरा, चित्रण थांबले. बावीस ओव्यांपैकी सात हाती लागल्या.

चूक आमचीच. कार्ड आम्हीच निवडले होते आणि त्यावरचा ठसठशीत १०० हा आकडा पाहून ‘हे वेगवान’ असे ठरवून मोकळे झालो होतो. तेव्हा या वेळचा मजकूर थोडाफार प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहोत.

पहिला प्रश्न, ते १०० कशाचे? ते सेकंदाला १०० मेगाबाइट होते, पण कार्डावरून वाचण्याचे. म्हणजे घरी आल्यावर फोटो संगणकावर उतरवून घेण्याचे. कॅमेऱ्याला लागतो तो कार्डावर लिहिण्याचा वेग, आणि तो बहुधा कमी असतो. वाचणे म्हणजे डबा उघडून आत काय आहे ते बघणे. लिहिणे म्हणजे डबा रिकामा करायचा, पुसायचा, मग भरायचा. दुसऱ्या कामाला वेळ लागणारच. दुकानदार अर्थातच मोठा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. काही जुन्या कार्डांवर ‘६३३ पट’ असेही लिहिलेले सापडते. तेथे एक पट म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, हा सीडीच्या जमान्यातला हिशेब. म्हणजे ६३३ पट झाले सुमारे ९५ मेगाबाइट, आणि तेही बहुतेक वेळा वाचण्याचेच.

मग पाहायचे काय? कार्डावरची बारीक चिन्हे. पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता), सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले आणि २००० साली त्याचे नियम ठरवणारी संघटना काढली. या संघटनेची चिन्हे म्हणजे लिहिण्याचा वेग ‘याच्या खाली जाणार नाही’ अशी हमी. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी १०च. ३ असेल तर ३०. व्ही अक्षरापुढचा आकडा मात्र सरळ वाचावा : व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ए१, ए२ ही चिन्हे फोनमधल्या ॲपसाठी आहेत. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्त पैसे मोजू नयेत.

आता आमच्या फजितीचे गणित. कॅमेरा फोर-के चित्रणाला सेकंदाला १०० मेगाबिट पाठवत होता. कॅमेऱ्याची पुस्तिका मेगाबिटमध्ये बोलते आणि कार्ड मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ ने भागले की साडेबारा. आमच्या कार्डावर सी १० होते, म्हणजे हमी फक्त दहाची. कार्ड नवे होते तोवर ते हमीपेक्षा जास्त धावत असल्याने निभावले. वापरून वापरून, भरून, ते मंदावले आणि नेमके त्या दिवशी मागे पडले. व्ही३० चे कार्ड असते तर बावीसच्या बावीस ओव्या मिळाल्या असत्या. वाचकांनी एवढा भागाकार घरी जरूर करून पाहावा. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा पुस्तिकेत ‘बिटरेट’ या शब्दाखाली सापडेल. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांना व्ही३० पुरते. चित्रण सेकंदाला ४०० मेगाबिटचे असेल तर ५० मेगाबाइट होतात, तेथे व्ही६० घ्यावे.

फोटोंची गोष्ट थोडी निराळी. स्ट्रँडहिलला आपली मुले सर्फिंग शिकायला जातात. लाट फुटताना मुलगी फळीवर उभी राहते, तो क्षण टिपायचा तर बटण दाबून धरून सेकंदाला दहा फोटो काढावे लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक कच्चा, म्हणजे रॉ फोटो सुमारे २५ मेगाबाइटचा धरला, तर सेकंदाला २५० मेगाबाइट झाले. हे सगळे आधी कॅमेऱ्याच्या पोटातल्या तात्पुरत्या साठ्यात, बफरमध्ये जाते आणि तेथून कार्डावर उतरते. नळ पूर्ण सोडला आणि मोरीचे भोक बारीक असले की काय होते, ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. मोरी तुंबते, बटण दाबूनही फोटो निघत नाही आणि तेवढ्यात मुलगी पाण्यात! भोक मोठे करायचे म्हणजे वेगवान कार्ड घ्यायचे. दुसरा उपाय फुकटचा आहे : रॉऐवजी जेपेग फोटो काढावेत, ते बरेच लहान असतात.

पण थांबा. कार्डावर यूएचएस या अक्षरांशेजारी रोमन एक किंवा दोन असते. एकची वाट सेकंदाला जास्तीत जास्त १०४ मेगाबाइटची, दोनची ३१२ ची. दोनच्या कार्डाला मागे पितळी पट्ट्यांची जादा ओळ असते. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत त्या ओळीची सोय नसेल, तर महाग कार्ड चालेल, पण जुन्याच वेगाने. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आधी कॅमेऱ्याची पुस्तिका पाहा, मग खिशात हात घाला. जुना कॅमेरा असेल तर आणखी एक अडचण : २००६ च्या एसडीएचसी नियमाची मर्यादा ३२ गिगाबाइट. तेवढेच जाणणारे जुने कॅमेरे ६४ चे कार्ड बहुधा ओळखतच नाहीत.

आकार किती घ्यावा? वरच्या १०० मेगाबिटच्या हिशेबाने ६४ गिगाबाइटमध्ये सुमारे ८५ मिनिटे बसतात. आमचे मत, २५६ चे एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्यावीत. एक हरवले किंवा बिघडले तरी अख्खा समारंभ जात नाही.

खरेदीबद्दल सावध राहा. स्वस्त मिळालेली काही कार्डे बनावट असतात. आत ३२ गिगाबाइटची जागा, पण कार्ड कॅमेऱ्याला सांगते २५६. जागा संपल्यावरचे फोटो घेतल्यासारखे दिसतात आणि नंतर उघडत नाहीत. नाव मोठे, लक्षण खोटे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफथ्री ही फुकट साधने कार्ड काठोकाठ भरून तपासतात. रिकामे कार्ड रात्री तपासायला लावून झोपावे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले कार्ड चांगलेही निघते, पण खोटे निघाले तर परत द्यायला विमानाने कोण जाणार? येथे आयर्लंडमध्ये दुकानातून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर २०२२ च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवसांच्या आत परत करून पैसे मागता येतात. म्हणून पावती जपावी आणि तपासणी त्या मुदतीत करावी.

शेवटचे दोन नियम. समारंभाच्या आधी जुने फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि चुकून फोटो पुसले गेले, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. तसेच बाहेर काढून ठेवा. नवे काही लिहिले गेले नसेल तर फोटोरेकसारखे साधन बरेच परत मिळवून देते.

आजी आता पुन्हा इतक्या लांब येणार नाहीत. गुडघे ऐकत नाहीत म्हणतात. पण त्यांची लेक नाताळच्या सुटीत साताऱ्याला जाणार आहे. व्ही३० ची दोन कार्डे आम्ही काठोकाठ तपासून, रिकामी करून तिच्याकडे दिली आहेत. सलग अर्धा तास चित्रण करूनही पाहिले. आजींना फोनवर हे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, “पंधरा राहिल्यात ना? मग मी पहिल्यापासूनच म्हणते.”