आधी टायर, मग गाडी!

फेब्रुवारी उजाडला की आपल्या होस्टेलवर एकच विषय असतो – कोणाला कुठून ॲडमिट आला! मग भाडं किती, रूममेट कोण, कुकर इथून न्यायचा की तिथे घ्यायचा, असं करत करत गाडी शेवटी 'गाडी'वर येते. त्यातून ॲडमिट मिशिगन, मिनेसोटा नाहीतर कॅनडासारख्या बर्फाच्या मुलुखातला असला, की कोणीतरी सीनियर छातीठोकपणे सांगतो, "तिकडे फोर व्हील ड्राइव्हशिवाय काही खरं नाही. जुनी चालेल, पण एसयूव्हीच घे!"

मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. आणि का वाटतो, ते माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत सांगायचा प्रयत्न करते. सांभाळून घ्या!

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल? वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. या सूत्रात वस्तुमान कुठे आहे? नाहीच, ते कटून जातं. म्हणजे गाडी जड आहे म्हणून ती लवकर थांबत नाही. आणि इंजिनची ताकद किती चाकांना जाते, तेही या सूत्रात नाही. ब्रेक तर साध्या गाडीलासुद्धा चारही चाकांना असतात! उरतो फक्त म्यू, म्हणजे रबर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. कोरड्या डांबरावर तो ०.७ धरा, दाबलेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१. ताशी ५० किलोमीटर वेगाला थांबायचं अंतर येतं अनुक्रमे १४, ४९ आणि ९८ मीटर. (मेकॅनिकलच्या सरांनी तपासून बघावं, चुकलं तर मार्क कापावेत!)

फोर व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करतो, थांबायला नाही. खरा धोका इथेच आहे. गाडी सहज निघते, म्हणून रस्ता बरा आहे असं वाटतं, आणि पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच दाबला जातो.

माझा मावसभाऊ मिशिगनमध्ये दोन हिवाळे काढून आलाय. चौघांनी कॉन्ट्रिब्युशन काढून एक जुनी, ऐटदार फोर बाय फोर घेतली. टायर मात्र होते तेच ठेवले, कारण 'नक्षी अजून दिसतेय ना!' डिसेंबरमध्ये पार्किंगमधून गाडी झोकात निघाली आणि पहिल्याच उतारावरच्या सिग्नलला न थांबता सरळ खांबावर गेली. देवाच्या दयेने कोणाला लागलं नाही. पण इन्शुरन्स फक्त समोरच्याच्या नुकसानीचा होता, त्यामुळे गाडीचे पैसे बुडाले. ते पैसे एज्युकेशन लोनमधले होते, आणि त्या लोनला काकांचा फ्लॅट तारण आहे. मावशीला हे अजून माहीत नाही. ती आपलं मॅगझिन वाचत नाही म्हणून लिहायचं धाडस करतेय.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच की हातात पाच हजार डॉलर असतील, तर गाडी चार हजारांचीच बघा. साधी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, कोरोला किंवा सिव्हिकसारखी, जिचे पार्ट कुठेही मिळतात. इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असल्यामुळे अशी गाडी बर्फात बऱ्यापैकी पकड धरते. उरलेले हजार डॉलर बाजूला ठेवा. त्यातले बरेचसे विंटर टायरला जातील.

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यामुळे म्यू ०.२ चा ०.२५ झाला, तरी ४९ मीटरचे ३९ होतात. दहा मीटर म्हणजे दोन गाड्यांची लांबी! टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघून घ्या. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरत नाही, ती अक्षरं फक्त नक्षीबद्दल बोलतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यासाठी २०२४ पासून हीच डोंगराची खूण लागते, आणि कॅनडातल्या क्युबेकमध्ये हिवाळ्यात विंटर टायर २००८ पासून सक्तीचे आहेत. आणि हो, चारही बदला. दोनच बदलून पैसे वाचवले तर पुढची चाकं धरतात आणि मागची फिरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज. आपल्याकडे जुनी गाडी घेताना आपण विचारतो – फर्स्ट ओनर आहे का, एव्हरेज किती, एसी चालतो का. तिकडे आधी गाडीखाली बघायचं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ खालून गाडी खातं. वरून चकाचक गाडीचे ब्रेकचे पाइप गंजून पोखरलेले असू शकतात. खालून ताजा काळा रंग दिसला तर जास्तच संशय घ्या! मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी होत नाही, म्हणजे तपासणारे तुम्हीच. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक गाठून, शे-दीडशे डॉलर देऊन, गाडी लिफ्टवर चढवून बघा. सतरा अक्षरी व्हिन नंबरवरून तिचा इतिहासही काढा. कागदावर 'सॅल्व्हेज' शब्द दिसला तर लांबूनच नमस्कार.

तिसरी बॅटरी. उणे १८ अंशाला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि इंजिन ऑइल घट्ट होऊन मागणी मात्र वाढते. धक्का मारून चालू करायचा आपला हुकमी उपाय ऑटोमॅटिक गाडीवर चालत नाही! बॅटरी जुनी असेल तर थंडीच्या आधीच बदला.

फोर व्हील ड्राइव्ह अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. घर चढावर असेल आणि तिथला बर्फ कोणी काढत नसेल, तर तो लागेलच. पण युनिव्हर्सिटीजवळ राहणाऱ्या, सकाळी साफ झालेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या स्टुडंटला लोनच्या पैशांतून तो घ्यायची गरज नसते. पहिला हिवाळा बसने काढला तरी कमीपणा नाही.

तेव्हा यंदा ॲडमिट येणाऱ्यांनो, अभिनंदन! पार्टी द्या, कुकर न्या, चकल्या न्या. पण गाडी बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका. बॉनेट नंतर उघडा.