नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी चार बटणं बदला



परवाच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान. पहिलाच प्रश्न, "सर, काम उरकत नाही. हप्त्यावर नवा कॉम्प्युटर घेऊ का?" मी विचारलं, "कॉम्प्युटर हँग होतो का?" म्हणाल्या, "नाही हो, माझेच हात पुरत नाहीत."

मग नवा कॉम्प्युटर घेऊन काय होणार? हात तेच राहणार ना!

मी स्वतः दुकानात एक दिवस घड्याळ लावून बसलो होतो. दुकानाचा पत्ता, गावाचं नाव, पिनकोड, "सोबत जोडलेली कागदपत्रे" असा तोच तो मजकूर टाईप करायला एका कामामागे साधारण 15 सेकंद जात होते. दिवसाला 80 कामं धरा. 20 मिनिटं झाली. महिन्याचे 25 दिवस धरले तर आठ तासांच्या वर, म्हणजे कामाचा अख्खा एक दिवस! हा दिवस मी फुकट घालवत होतो.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. विंडोजसाठी 'ऑटोहॉटकी' नावाचं हलकंफुलकं सॉफ्टवेअर आहे. ठरवलेली दोन-तीन अक्षरं टाईप करून स्पेस दिली की पूर्ण पत्ता उमटतो. नुसती बटणांची अदलाबदल करायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉईज'मध्ये कीबोर्ड मॅनेजर आहे. लॅपटॉपचं एखादं बटण गेलं असेल तर त्याचं काम न लागणाऱ्या दुसऱ्या बटणाला देता येतं, कीबोर्ड बदलेपर्यंत धंदा थांबत नाही. माऊसला बाजूला जादाची दोन बटणं असतील तर 'एक्स-माऊस बटण कंट्रोल'ने एकाला कॉपी, दुसऱ्याला पेस्ट द्या. हे सेटिंग प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळंही ठेवता येतं. ऑटोहॉटकी आणि एक्स-माऊस जुन्या मशीनवरही आरामात चालतात.

पण उत्साहात सगळाच कीबोर्ड बदलू नका. टॅली वापरत असाल तर एफच्या बटणांना हात लावू नका. तिथे एफ 5 म्हणजे पेमेंट, एफ 8 म्हणजे सेल्स. फॉर्म भरत असाल तर कॅप्स लॉक आहे तसाच राहू द्या, नावं बऱ्याचदा कॅपिटलमध्ये लागतात. चार बटणं पुरे. त्यांची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा, म्हणजे तुम्ही बँकेत गेलात तरी मागे काउंटरवरचा मुलगा गोंधळणार नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती व्हिडिओत सांगायची राहिली.

मी स्क्रोल लॉकच्या बटणावर दुकानाचा मोबाईल नंबर बसवला होता. बिल, कोटेशन, सगळीकडे एका दाबात नंबर. एका संध्याकाळी गर्दी होती. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होतो. मोबाईलचा रकाना आला, बोट सवयीने त्याच बटणावर गेलं. ओटीपी दुकानाच्या फोनवर आला, पोराने वाचून दाखवला, मी टाकला. फॉर्म गेला. पुढे कागदपत्रात त्रुटी असल्याचा मेसेज त्याच फोनवर आला. तिथे दिवसाला पन्नास मेसेज येतात, कोण बघतो? शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी ती मुलगी आपणहून चौकशीला आली, म्हणून निभावलं. नसती आली तर तिचं वर्षाचं नुकसान झालं असतं, आणि ते माझ्या 15 सेकंदांपायी!

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जे रोज तेच असतं, तेच बटणावर ठेवायचं. गिऱ्हाईकागणिक जे बदलतं, म्हणजे नाव, मोबाईल, खाते क्रमांक, आधार, ते हाताने टाईप करायचं आणि गिऱ्हाईकाला वाचून दाखवायचं. खाते क्रमांक दोनदा विचारतात तो तुमचा वेळ खायला नाही, चूक पकडायला. तिथे शॉर्टकट मारला तर ती राखणच गेली.

पासवर्ड तर कधीच नको. ऑटोहॉटकीची फाईल साध्या मजकुराची असते, कोणीही उघडून वाचू शकतो. आणि सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साईटवरूनच घ्या. कीबोर्डवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलमधून टाकणं म्हणजे गल्ल्याची चावी रस्त्यावर ठेवणं.

त्या ताईंनी हप्ता घेतला नाही. तीन शॉर्टकट लावले आणि आता संध्याकाळी अर्धा तास आधी शटर ओढतात.

तुम्हीही उद्या एक दिवस घड्याळ लावून बसा. कोणता मजकूर सगळ्यात जास्त वेळा टाईप करता ते वहीत लिहा. सुरुवात त्याच एकापासून करा.